चालती हार्ड डिस्क टाकायची कशाला?

नवा कॉम्प्युटर मी स्वतःच्या हातांनी जोडला. पंखे फिरले, स्क्रीन उजळली, कुठूनही धूर निघाला नाही. तिथेच थांबायला हवं होतं. पण कपाटात जुनी ५०० जीबीची हार्ड डिस्क दिसली आणि मी म्हणालो, "चालती वस्तू, टाकायची कशाला?" या एका वाक्याने माझे जितके रविवार गिळलेत, तितके पाहुण्यांनीही गिळले नसतील.

साटाच्या, म्हणजे हार्ड डिस्कच्या, केबली जोडणं म्हणे पोरखेळ. डेटाची ७ पिनांची, विजेची १५ पिनांची, आणि दोन्हींना अशी खाच की उलटी लागूच नये. मी दातांत टॉर्च धरून त्याही उलट्या लावून पाहिल्या. त्यात हातातला एक स्क्रू निसटून मदरबोर्डखाली गेला. अख्खं कॅबिनेट उचलून खुळखुळ्यासारखं हलवलं, तेव्हा कुठे तो बाहेर आला.

सुरू केलं. डिस्क फिरत होती, मिनिटाला ७२०० फेरे, पण बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, तिचा पत्ता नाही. केबल बदलली. दुसरी बदलली. पहिली परत लावली. दोन तासांनी अगदीच नाइलाज झाला म्हणून मदरबोर्डची पुस्तिका उघडली. बारीक अक्षरांत लिहिलं होतं : दुसऱ्या एम.२ स्लॉटमध्ये एसएसडी बसवल्यास ५ आणि ६ क्रमांकाचे साटा पोर्ट बंद राहतील. एसएसडी, म्हणजे फिरत्या चकतीऐवजी चिपांवर साठवणारी नवी डिस्क, मी नेमकी त्याच दुसऱ्या एम.२ स्लॉटमध्ये, म्हणजे मदरबोर्डवरच्या छोट्या खाचेत, बसवली होती, आणि सहांपैकी पोर्ट निवडलं होतं पाचवं. केबल पहिल्या पोर्टला लावली, तेव्हा डिस्क दिसली.

जुन्या डिस्कवरूनच मशीन सुरू करावं, असंही एकदा मनात आलं. पण डिस्क एमबीआरच्या, म्हणजे मशीन सुरू करायच्या जुन्या पद्धतीच्या जमान्यातली, आणि बोर्ड यूईएफआयवाला, म्हणजे नव्या पद्धतीचा. दोघांची तोंडं दोन दिशांना. तो नाद सोडला.

मग माझ्याच नावाच्या फोल्डरवर क्लिक केलं. उत्तर आलं : या फोल्डरमध्ये जाण्याची तुम्हाला परवानगी नाही.

आता काय बोलणार? नाव माझं, फोटो माझे, आणि मीच दाराबाहेर! भानगड अशी की सिस्टीम मालकाला नावाने ओळखतच नाही. ती त्याला एक लांबलचक क्रमांक देते आणि तोच लक्षात ठेवते. नव्या सिस्टीमने मला नवा क्रमांक दिला, त्यामुळे जुन्या फोल्डरच्या लेखी मी कुणी उपटसुंभ. शेवटी प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड असे उंबरठे झिजवून मालकी मिळवली. एकेका फाइलचा ताबा घेत ती हिरवी पट्टी अशी काही सरकत होती, की मधे माझी एक झोप झाली.

अखेर दार उघडलं. आत एकच फोल्डर : ‘बॅकअप’. त्याच्या आत ‘जुना बॅकअप’. त्याच्याही आत ‘जुन्या हार्ड डिस्कमधलं, नंतर बघू’.

मी नव्या एसएसडीवर ‘नंतर बघू २’ नावाचं फोल्डर केलं आणि सगळं त्यात कॉपीला लावलं.