‘डोळ्याला ६० फ्रेमच दिसतात’: या दाव्यात कितपत तथ्य आहे?

“माणसाच्या डोळ्याला सेकंदाला ६० पेक्षा जास्त फ्रेम दिसतच नाहीत, सिनेमा तर २४ फ्रेमवरच चालतो; त्यामुळे १२० हर्ट्झचा स्क्रीन म्हणजे ग्राहकांची निव्वळ दिशाभूल आहे,” अशा आशयाचा मजकूर वारंवार फिरत असतो. (फ्रेम म्हणजे एक स्थिर चित्र, आणि हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती वेळा; १२० हर्ट्झचा स्क्रीन सेकंदाला १२० वेळा चित्र बदलू शकतो.) हा दावा तीन वेगवेगळ्या विधानांचा मिळून बनला आहे आणि ती सुटी करून तपासायला हवीत.

पहिले विधान असे की डोळा फ्रेम मोजतो. वस्तुस्थिती अशी की दृष्टिपटलावरील पेशी प्रकाशाला अखंड प्रतिसाद देत असतात, आणि तोही एकाच वेगाने नव्हे: मंद उजेडात काम करणाऱ्या दंडपेशी साधारण १०० मिलिसेकंदांतला प्रकाश एकत्र करतात, तर शंकुपेशी त्यांहून बऱ्याच चपळ असतात.

मग ६० हा आकडा आला कुठून? लुकलुकणारा दिवा ज्या वेगाला स्थिर भासू लागतो, ती मर्यादा साधारण ५० ते ९० हर्ट्झ असते आणि उजेड वाढला की तीही वाढते. परंतु हे मोजमाप एकसारख्या उजळलेल्या पृष्ठभागाचे आहे. पडद्याचा अर्धा भाग उजळ व अर्धा काळा ठेवून ते भाग झपाट्याने अदलाबदल केल्यास ५०० हर्ट्झच्या आसपासही लुकलुक जाणवते, असे २०१५ साली ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आढळले, कारण नजर सतत झटके घेत सरकते आणि ती कड दृष्टिपटलावर वेगवेगळ्या जागी उमटते. (वैमानिकाला सेकंदाच्या २२० व्या भागापुरते दाखवलेले विमान ओळखता आले, हा उलट बाजूने दिला जाणारा दाखलाही फारसा कामाचा नाही. पुरेशी तेजस्वी चमक कितीही अल्पकाळ टिकली तरी दिसते. त्यावरून फ्रेमची मर्यादा ठरत नाही.)

सिनेमाचे उदाहरण तर दाव्याच्याच विरोधात जाते. २४ फ्रेमचा वेग १९२० च्या दशकाच्या अखेरीस बोलपटांसोबत रूढ झाला, तो ध्वनीची गरज आणि फिल्मचा खर्च यांचा मेळ घालून. तेवढ्या वेगाला पडदा स्पष्ट लुकलुकतो, म्हणूनच प्रोजेक्टरच्या शटरला दोन किंवा तीन पाती असत आणि प्रत्येक फ्रेम तितक्या वेळा पडद्यावर पडत असे.

खरा फरक पडतो तो हलत्या चित्रात, आणि दाव्यात नेमका त्याचाच उल्लेख नसतो. आजचे बहुतेक स्क्रीन पुढची फ्रेम येईपर्यंत आधीची तशीच धरून ठेवतात. सेकंदाला ९६० पिक्सेल सरकणाऱ्या अक्षरांवर नजर ठेवली, तर डोळा सलग फिरत राहतो, पण अक्षरे ६० हर्ट्झला १६.७ मिलिसेकंद जागची हलत नाहीत. परिणामी ती १६ पिक्सेलइतकी पसरल्यासारखी दिसतात. १२० हर्ट्झला ही धूसरता ८ पिक्सेलवर येते, २४० ला ४ वर. म्हणजे प्रत्येक टप्प्यावर लाभ निम्म्याने घटतो, आणि २४० च्या पुढे बहुतेकांना पैसे खर्चावेसे वाटू नयेत, असे माझे मत आहे. स्थिर मजकूर वाचणाऱ्याला तर ६० हर्ट्झ पुरेसे आहेत.

सिनेमा पाहणाऱ्याला मात्र १२० चा उपयोग होतो. ६० ला २४ ने पूर्ण भाग जात नाही, म्हणून एक फ्रेम दोनदा तर पुढची तीनदा दाखवावी लागते आणि संथ सरकणारे दृश्य अडखळते. १२० हर्ट्झवर प्रत्येक फ्रेम बरोबर पाच वेळा दिसते.