टूर कंपनी कशाला, वहिनी आहे ना!

गेल्या रविवारी नात्यात एक मुंज होती. पंगत उठली होती आणि आमचे दीर मठ्ठ्याचा तिसरा ग्लास हातात घेऊन चार-पाच जणांना सांगत होते, "टूर कंपनी? छे हो. आम्ही रोम आमचं आमचं केलं. गाईड नाही, काही नाही. काही कठीण नसतं, सगळं नेटवर असतं." मी त्यांच्या मागेच जिलबीच्या ताटापाशी उभी होते. उचललेली जिलबी परत खाली ठेवली.

तर हे ज्ञान मुंजीतल्या चार लोकांपुरतं राहू नये, तुमच्यासारख्या होतकरू मंडळींपर्यंत पोचावं म्हणून लिहायला बसलेय. परदेशातलं एखादं शहर टूर कंपनीशिवाय, गाईडशिवाय, स्वतःच्या हिमतीवर कसं बघायचं. दुसरं काहीतरी बघत बघत वाचलंत तरी चालेल, तशीच पद्धत आहे.

सुरुवात व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपपासून करायची. नाव 'चलो रोम', डीपीला कोलोसियम. पहिल्या दिवशी ऐंशी मेसेज आले पाहिजेत, त्यातले निदान साठ पिझ्झ्याबद्दल. मग कोणीतरी तारखा विचारेल, त्याला उत्तर द्यायचं, "काहीही चालेल." हॉटेल कुठल्या भागात घ्यायचं, अंगठा. स्टेशनजवळ घेऊ की जरा लांब पण शांत, दोन्हीला अंगठा. या सगळ्यात जी बाई पहिल्यांदा एखादी लिंक टाकते ती तुमची टूर मॅनेजर. तिला वेगळं सांगायची गरज नसते, तिला आपोआप कळतं, साधारण रात्री साडेअकराला ओटा पुसून लॅपटॉप उघडला की.

व्याकरण सांभाळा. जायच्या आधी 'आपण' म्हणायचं, आपण करू ना बुकिंग. काही चुकलं की 'वहिनी'. परत आलं की 'आम्ही'.

व्हिसाची घाई करू नका. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एका व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, पण इतक्या आधी करणारे लोक म्हणजे ज्यांना दुसरे उद्योग नाहीत ते. किमान ३०,००० युरोचं इन्शुरन्स, हॉटेलचं बुकिंग, बँकेचं स्टेटमेंट, ऑफिसचं रजेचं पत्र, कुठल्या दिवशी कुठे असणार त्याचा कागद, हे सगळं मॅनेजर बघते. तुम्ही फक्त फोटो द्यायचा. आमच्या भावजींनी दिलेला फोटो कुणाच्या तरी लग्नातला कापून काढलेला होता, खांद्यावर दुसऱ्या कुणाचा तरी अंगठीवाला हात तसाच. "क्रॉप करा ना वहिनी, तुम्हाला येतं." आणि "पासपोर्ट व्हॅलिड आहे" असं तीनदा ठासून सांगायचं, तारीख मात्र बघायची नाही. शेंगेनमधून बाहेर पडल्यावर पुढे निदान तीन महिने पासपोर्टची मुदत शिल्लक लागते. भावजींची दोन महिने होती. मग तत्काळ, मग धावपळ, मग "इतके नियम असतात हे आधी सांगायचं ना." आधी म्हणजे ग्रुपवर, पिझ्झ्याच्या मेसेजच्या वर, मी तीन वेळा टाकलं होतं, त्यालाही अंगठा आला होता.

आता कोलोसियम, म्हणजे जुने रोमन लोक जिथे माणसांच्या आणि सिंहांच्या झुंजी बघायला बसायचे ते. हा मुद्दा महत्त्वाचा आहे, जरा सरसावून बसा.

कोलोसियमची तिकिटं अधिकृत साइटवर तीस दिवस आधी खुली होतात. दिवस आणि वेळ निवडावी लागते, तिकिटावर प्रत्येकाचं नाव येतं आणि आत जाताना ओळखपत्र दाखवावं लागतं. साधं तिकीट १८ युरो, त्यातच शेजारचे जुन्या रोमचे अवशेष, म्हणजे फोरम आणि पॅलेटाइन टेकडी. हे मी ग्रुपवर लिहिलं, मराठीत लिहिलं, आणि विचारलं की कुठला दिवस धरू, सकाळ की दुपार. माझ्या नवऱ्याने अंगठा दिला. सकाळ की दुपार याला अंगठा. भावजींनी लिहिलं, "वहिनी, अजून एक महिना आहे." अहो महिना आहे म्हणूनच तर विचारतेय ना! महिन्यात किती दिवस असतात? मग मी फोन केला, तर ते मीटिंगमध्ये. जावेला केला, तर "यांनाच विचारा, मला काय कळतंय त्यातलं." तीन दिवसांनी उत्तर आलं, मंगळवार बरा, पण फार सकाळी नको आणि दुपारचं ऊन नको. म्हणजे साडेदहा. साडेदहा म्हणजे अख्ख्या जगाला हवं असतं ते साडेदहा, ते कधीच गेलेलं. राहिलं होतं साडेआठचं, तेही सहा तिकिटं एकत्र मिळाली हे नशीब, रात्री पावणेबाराला सहा जणांची नावं पासपोर्ट बघून एकेक अक्षर टाइप केली, मध्येच कार्डाचा ओटीपी येईना, तो आला तर वेळ संपली म्हणून परत पहिल्यापासून. नवरा शेजारी झोपलेला. मध्ये एकदा कूस बदलून म्हणाला, "झालं का?"

मग तो मंगळवार. साडेआठची वेळ, आणि आठ वाजून दहा मिनिटांनी भावजी हॉटेलच्या बुफेवर तिसरा क्रोइसाँ घेत होते, कारण नाश्ता भाड्यात धरलेला आहे. आम्ही धावत गेलो. सासूबाई सत्तरीच्या, त्या पण धावल्या. गेटवर माणसाने ओळखपत्र मागितलं. मी आदल्या रात्री सांगितलं होतं, सकाळी सांगितलं होतं, लिफ्टमध्ये सांगितलं होतं. भावजींचा पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत. "तिथे सेफ असतो म्हणून." आणि मग, हे मी डोळ्यांनी बघितलंय, त्यांनी पाकिटातून आधार कार्ड काढून दिलं. रोममध्ये. कोलोसियमच्या दारात. त्या माणसाने ते उलटंसुलटं करून बघितलं, अशोकस्तंभाचे सिंह बघून त्याला वाटलं असेल की सिंह तर आमच्याकडेही होते. शेवटी माझ्या फोनमध्ये पासपोर्टचा फोटो होता तो दाखवला, सहाही जणांचे होते, कारण मीच ठेवले होते, आणि त्याने मान हलवून सोडलं. आत गेल्यावर भावजी म्हणाले, "बघितलंत? उगाच टेन्शन घेता तुम्ही."

त्या इमारतीच्या बाहेरच्या कमानींवर अजून रोमन आकडे कोरलेले दिसतात. इसवी सन ८० साली ती खुली झाली तेव्हा बघायला येणाऱ्याच्या हातात एक तुकडा असायचा, त्यावर गेटचा आकडा, माणूस तो आकडा बघून आपल्या कमानीतून आत जायचा आणि आपल्या जागेवर बसायचा. पन्नास हजारांच्या आसपास माणसं बसायची. त्यांना जमायचं! व्हॉट्सअ‍ॅप नसताना जमायचं! आणि इथे सहा माणसं, एक ग्रुप, चार स्मार्टफोन, आणि एकालाही स्वतःचं तिकीट कुठल्या वेळेचं आहे ते बघावंसं वाटत नाही, "वहिनीकडे आहे" एवढंच माहीत.

असो. मी टिपा देत होते.

गाईड अजिबात घेऊ नका. फोरममध्ये गेल्यावर कमरेवर हात ठेवून म्हणायचं, "हे काय, नुसते दगड." तिथे एक छपराखालचा मातीचा ढीग आहे, ज्यूलियस सीझरला जिथे अग्नी दिला असं मानतात ती जागा, लोक अजून तिथे फुलं ठेवतात. मी हे वाचून गेले होते आणि उत्साहाने सांगायला लागले तर भावजी फोनवर कुणाला तरी तिथलं ऊन दाखवत होते. पाच मिनिटांनी दुसऱ्या एका ग्रुपची गाईड इंग्रजीत हेच सांगत होती, तर भावजी जाऊन त्यांच्यात उभे, हात मागे बांधून, मान डोलावत. ती बाई बोलायची थांबली. यांच्याकडे बघितलं. त्या लोकांनी पैसे भरले होते, त्यांनीही बघितलं. यांना वाटलं आपल्याला काही विचारतायत, म्हणून यांनी सांगितलं, "इंडिया, इंडिया." गाईडला पैसे द्यायचे नाहीत, गाईडचं ऐकायचं मात्र.

बुधवारी सकाळी सेंट पीटर्सला जा. बुधवारी सकाळी पोप लोकांना दर्शन देतात, तोवर चर्च बंद असतं. म्हणूनच जा. मी मंगळवारी दुपार ठरवली होती, पण ती शॉपिंगला गेली. "वहिनी, नीट बघायचं ना आधी."

व्हॅटिकन म्युझियमसाठी रविवार उत्तम. बंद असतं. महिन्याच्या शेवटच्या रविवारी उघडं असतं आणि फुकट असतं, तेव्हा रांगेत काय काय होतं ते स्वतः अनुभवा.

खांदे आणि गुडघे झाकायचे असतात हे दारात कळू द्या.

स्पॅनिश स्टेप्सवर बसून घ्या. १३५ पायऱ्या आहेत, आणि अठराव्या शतकात एवढा खर्च करून बांधल्या त्या काही उगाच नाही, असं म्हणत सासूबाईंसाठी रुमाल अंथरायचा, भाकरवडीचा पुडा फोडायचा. २०१९ पासून तिथे बसायला बंदी आहे, ४०० युरोपर्यंत दंड होऊ शकतो. शिट्टी वाजली तेव्हा आईंच्या हातात अर्धी भाकरवडी होती. त्या बिचाऱ्या घाबरून उठल्या आणि उरलेली पदरात बांधली, त्यांचा काय दोष, त्यांना ज्याने बसवलं तो तोवर चार पायऱ्या खाली जाऊन दुसरीकडे बघत होता.

बॅगा मोठ्या न्या, छोट्या चाकांच्या. रोमच्या जुन्या गल्ल्यांत काळ्या दगडांचे चौकोनी ठोकळे बसवलेले असतात, त्यावरून ओढत नेली की आख्ख्या गल्लीला कळतं कोण आलंय.

बसचं तिकीट पंच करायचं विसरा. दंड पन्नास युरोच्या वर.

तळलेला गोळा दिसला की बटाटेवडा समजून घ्या. त्याला सुप्ली म्हणतात, आत भात असतो, आणि बहुतेक वेळा मटणाचा, म्हणजे कुठल्या तरी मांसाचा रस्सा. सासूबाईंचा गुरुवार होता. विचारून देते म्हटलं तर "अहो त्यात काय विचारायचं, भातच दिसतोय." विचारलं म्हणून वाचलो.

पाण्याच्या बाटल्या विकत घेत सुटा. रस्त्यात दोन हजारांच्या वर नळ आहेत, चोवीस तास गार पाणी वाहतं, तोटीचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या भोकातून कारंजासारखं वर येतं आणि सरळ तोंड लावून पिता येतं. माझ्या मुलीने पहिल्याच दिवशी शोधून काढलं. ट्रिपमध्ये मनापासून हसलेलं माणूस मला तेवढंच आठवतंय, नाकातोंडात पाणी गेलेली ती.

आणि शेवटच्या दिवशी हॉटेलच्या काउंटरवर सिटी टॅक्सवरून भांडा. तीन स्टार हॉटेलला माणशी, रात्रीचे ६ युरो, सहा माणसं, पाच रात्री, १८० युरो. बुकिंगच्या कागदावर लिहिलेलं असतं. ग्रुपवर टाकलेलं असतं. तरी त्या पोरीला "धिस इज चीटिंग" म्हणायचं आणि मग माझ्याकडे वळून मराठीत, "वहिनी, हे आधी माहीत असतं तर दुसरं हॉटेल बघितलं असतं." कोणी बघितलं असतं? नाही, मला खरंच नाव हवंय. कोणी?

बरं, आता पुरे झाल्या टिपा. मुंजीच्या त्याच संध्याकाळी मला तीन मेसेज आले, वेगवेगळ्या लोकांचे. "अभिनंदन! तुमची आयटिनररी पाठवा ना. पीडीएफ असेल तर बरं." तिसऱ्याने तर लिहिलंय, "आमच्या तारखांप्रमाणे जरा बदलून दिलीत तर फार उपकार होतील."

ऐका. टूर कंपनीचे पैसे वाचले असं तुम्ही सांगता ना, ते वाचत नाहीत, ते घरातल्या एका माणसाच्या झोपेतून निघतात. टूर मॅनेजरला पगार असतो, त्याला ट्रिप संपल्यावर सुट्टी असते, त्याच्यावर चिडायचं असेल तर त्याच्या साहेबाला फोन करता येतो. माझ्या साहेबाला फोन करून बघा, तो अंगठा देईल. ज्यांना पासपोर्टवरची तारीख वाचायचा कंटाळा आहे त्यांनी टूर कंपनीबरोबर जावं, त्यात काही कमीपणा नाही, झेंड्यामागे चालावं, सुखाने फिरावं. कोलोसियमला तीन तास उन्हात घसा कोरडा करणाऱ्या गाईडला त्याचे पैसे द्यावेत, ते त्याचं पोट आहे, त्याच्या शेजारी जाऊन चोरून ऐकू नये. आणि स्वतःचं स्वतः करायचं असेल तर स्वतः करा. स्वतः म्हणजे तुम्ही. बायको नव्हे, वहिनी नव्हे, ऑफिसमधली ती एक जाऊन आलेली मुलगी नव्हे. दोन रात्री बसा, वाचा, ओटीपीची वाट बघा, चुका करा, आणि मग मुंजीत मठ्ठा पिताना 'मी' म्हणा.

भावजी, तुम्ही हे वाचणार नाही हे मला माहीत आहे, ग्रुपवर टाकते, अंगठा द्या.

बाकी ज्यांना आयटिनररी हवी आहे त्यांनी आधी मला एवढं सांगावं, कोलोसियमचं तिकीट किती दिवस आधी खुलं होतं. वर लिहिलंय. मराठीत लिहिलंय. मी परत सांगणार नाही.