जुनं कार्ड फेकून का देत नाही? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार. शाळेच्या लॅबमधलं जुनं नेटवर्क कार्ड (संगणकाला नेटवर्कशी जोडणारा भाग) लिनक्सवर अडतं, असं मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचे आक्षेप दोन: पाच-सातशे रुपयांत नवं नेटवर्क कार्ड मिळत असताना जुन्याच्या ड्रायव्हरपायी (कार्ड चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रामपायी) एवढा जीव का आटवायचा, आणि फुकटात ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना मी नावं का ठेवतो.

दुसरा आक्षेप मान्य. ‘कर्नलवाल्यांनी वाट लावली’ (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, ड्रायव्हर त्यातच असतात) हे वाक्य वैतागाच्या भरात लिहून गेलो, ते काढून टाकलं आहे. लिनक्स या खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या सुरुवातीच्या काळात इथरनेट (तारेने जोडायच्या) कार्डांचे कितीतरी ड्रायव्हर एकट्या डोनाल्ड बेकरने लिहिले. १९९४ मध्ये नासाच्या गोडार्ड केंद्रात ४८६ प्रोसेसरची १६ साधी मशीन जोडून पहिला बेवुल्फ क्लस्टर, म्हणजे एकत्र काम करणारा संगणकांचा गट, उभा राहिला, त्यातही हाच माणूस होता. अशा लोकांवर राग काढणं चूकच.

पहिलं मात्र पटत नाही. आमच्या शाळेच्या लॅबमध्ये दोन कार्डं आहेत. एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतलेली, खोक्यावर मॉडेलचं नाव एकच. एक बिनतक्रार चालतं. दुसरं मोठी फाइल कॉपी करायला घेतली की पाच-दहा मिनिटांत मुकं होतं. दिवा लागलेला असतो, आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) असतो, पण पिंगला, म्हणजे ‘आहेस का?’ या हाकेला, उत्तर नाही. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांच्या यादीत) ओळ येते, ‘ट्रान्समिट क्यू टाइम्ड आउट’. म्हणजे ड्रायव्हरने पॅकेट चिपच्या हवाली केलं आणि ‘गेलं’ असा निरोप परत आलाच नाही. ड्रायव्हर काढून पुन्हा चढवला की तासभर सुरळीत, मग पुन्हा तेच. बाई मुलांचे शिष्यवृत्तीचे फॉर्म भरत असतात, आणि निम्म्यात पान अडकतं.

शेवटी दोन्ही कार्डं उपसून टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. अडणाऱ्या कार्डाच्या स्टिकरच्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात ‘व्ही २’. त्यावरची चिपच वेगळी! तेच अडणारं कार्ड जुन्या कर्नलवर दोन दिवस सलग चालवलं, एकदाही अडकलं नाही. मग कार्ड खराब झालं असं कसं म्हणू? नाव तेच ठेवून कंपनीने आतली चिप बदलली आणि तिची माहिती कुणाला दिली नाही. ड्रायव्हर लिहिणारा बिचारा अंदाजाने लिहिणार, आणि कर्नलमध्ये काही बदललं की तो अंदाज चुकणार. माझा राग या लपवाछपवीवर आहे.

ब्रॉडकॉम या चिप कंपनीच्या जुन्या वायफाय चिपांचं उदाहरण घ्या. कंपनीने चिपच्या माहितीचे कागद दिले नाहीत, म्हणून स्वयंसेवकांच्या एका गटाने मूळ ड्रायव्हर उकलून चिप कशी वागते ते टिपून काढलं आणि दुसऱ्या गटाने त्या टिपणांवरून कोड लिहिला. २००६ मध्ये तो कर्नलमध्ये आला, पुढे त्यातूनच बी४३ हा ड्रायव्हर झाला. तरी फर्मवेअर (चिपच्या आत चालणारा कंपनीचा प्रोग्राम) वाटायची परवानगी नव्हती. ते कंपनीच्या ड्रायव्हरमधून कापून घ्यावं लागे आणि त्यासाठी आधी इंटरनेट हवं. ज्या माणसाकडे ते वायफाय सोडून दुसरं काही नाही, त्याने काय करायचं? २०१० मध्ये कंपनीने खुला ड्रायव्हर दिला, तो नव्या चिपांसाठी. जुन्या तशाच राहिल्या.

आणि ‘नवं घ्या’ हे डेस्कटॉपला ठीक आहे. काही जुन्या लॅपटॉपचा बायॉस (मशीन सुरू करणारा प्रोग्राम) ठरावीक वायफाय कार्डांखेरीज दुसरं कार्ड घातलं तर मशीन सुरूच होऊ देत नाही. शाळेत तर एका कार्डाचे सातशे रुपयेसुद्धा कुणाच्या तरी सहीने निघतात.

तुम्ही विचारलंत, बग (ही चूक) ड्रायव्हर लिहिणाऱ्यांकडे नोंदवला का? नव्हता नोंदवला, चूक माझी. काल रात्री दोन्ही कर्नलचे लॉग जोडून पाठवला. तुमच्याकडे हेच कार्ड नीट चालतं म्हणता, तर एवढं कराच: स्टिकरचा कोपरा बघा, एलएसपीसीआय -एनएन ही कार्डांची यादी दाखवणारी आज्ञा चालवा आणि कार्डाच्या ओळीत चौकटी कंसातले, मध्ये कोलन असलेले ते दोन आकडे (कंपनी आणि चिपची ओळख) आणि शेवटचा ‘रेव्ह’ (चिपची आवृत्ती) मला कळवा. तुमचं ‘व्ही १’ निघालं तर तेही त्या नोंदीत जोडतो.