थेंबभर रक्त, सिलिकॉनची रिंग आणि एका लॅबवाल्याचा राग

नमस्कार,

चिपवरच्या सिलिकॉनच्या छोट्या रिंगमध्ये प्रकाश फिरवून रक्तातली प्रथिनं हुडकता येतात, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्याखाली ‘सदाशिव पेठेतला एक लॅबवाला’ एवढीच सही करून तुम्ही जे खरमरीत लिहिलंत, ते दोनदा वाचलं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: तीस वर्षं रक्त तपासतोय, ‘एका थेंबात सगळं’ सांगणारे बरेच येऊन गेले, थेंबभर रक्तात ढीगभर चाचण्या करू म्हणणाऱ्या अमेरिकेतल्या थेरॅनॉस कंपनीचं काय झालं तेही ठाऊक आहे. शुगरची पट्टी मेडिकलच्या दुकानात मिळते, मग चिपवर प्रकाश फिरवायची हौस कशाला?

‘एका थेंबात’ हे शब्द माझेच. ते चुकले, लेखातून काढलेत. बोट दाबून काढलेल्या रक्तात आणखी काय काय मिसळतं हे तुम्हाला मी काय सांगणार! थेरॅनॉसची तुलना मात्र मला पटत नाही. तिथे बऱ्याच चाचण्या गुपचूप बाजारातल्या नेहमीच्या यंत्रांवर होत होत्या, आणि कंपनीच्या संस्थापक एलिझाबेथ होम्स २०२२च्या जानेवारीत गुंतवणूकदारांना फसवल्याबद्दल दोषी ठरल्या. सिलिकॉन रिंगचं काम उघड्यावर चाललंय. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाच्या गटाने २००७मध्ये अशा रिंगवर प्रथिनं पकडून दाखवली, आकड्यांसकट छापली.

आता पट्टी. रक्तात ग्लुकोज लिटरमागे साधारण एक ग्रॅम असतं. ट्रोपोनिन टी (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात उतरणारं प्रथिन) लिटरमागे १४ नॅनोग्रॅमच्या वर गेलं की डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडते. म्हणजे वजनात सात कोटी पटींचा फरक. शिवाय त्याच लिटरभर सीरममध्ये (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवात) इतर प्रथिनं असतात सुमारे सत्तर ग्रॅम. त्या गर्दीतून पट्टी हे काम करील अशी अपेक्षा तुम्हीही ठेवणार नाही. तुमचं मोठं मशीन ते करतं, पण एका अँटिबॉडीने (ठरावीक प्रथिनालाच पकडणाऱ्या रेणूने) प्रथिन धरून, वर दुसरी अँटिबॉडी लावून, तिला चमकणारा रेणू जोडून, मधे धुऊन. रिंगला तो चमकणारा रेणू लागत नाही आणि चिकटण्याची क्रिया घडत असतानाच दिसते. माझा मुद्दा एवढाच होता. संवेदनशीलतेत आज तुमचं मशीनच पुढे आहे, हे मी तेव्हाच लिहायला हवं होतं.

रिंगमधून प्रकाश गळतो असं मी लिहिलं होतं; ‘प्रकाश गळतो म्हणे!’ म्हणून तुम्ही हसलात. हसा, पण गळतो. २२० नॅनोमीटर जाडीच्या सिलिकॉनच्या वाटेत प्रकाश पुरता मावत नाही. त्याची शेपटी शंभरेक नॅनोमीटर बाहेर, वरच्या पाण्यात राहते. रिंगवर बसवलेली अँटिबॉडी दहा-पंधरा नॅनोमीटरची, म्हणजे ती त्या शेपटीतच बसते. तिला प्रथिन चिकटलं की तिथलं पाणी हटतं, अपवर्तनांक (प्रकाश तिथे किती मंदावतो त्याचं माप) किंचित वाढतो, आणि ज्या तरंगलांबीला प्रकाश रिंगभर फिरून स्वतःच्याच तालात येतो ती काही पिकोमीटर (पिकोमीटर म्हणजे नॅनोमीटरचा हजारावा भाग) सरकते. आम्ही मोजतो ते हे सरकणं. चिप रेणू ‘पाहते’ असं मी लिहिलं होतं, ते सैलच होतं.

खरी भानगड तुमच्या लक्षात आलेली नाही, ती मीच सांगतो. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात पाषाणच्या लॅबमध्ये बसलो होतो. पडद्यावरचा वक्र सुंदर वर चढत होता, तासाभरात चाळीस पिकोमीटर. आम्ही दोघं खूश. मग साथीदाराने सिरिंज पंपाकडे पाहिलं: आत नुसतं बफर, म्हणजे क्षारांचं पाणी. प्रथिनाचा कण नाही! लाइट गेल्यामुळे एसी बंद होता (यंत्रं यूपीएसवर, आम्ही घामात) आणि चिप अर्ध्या अंशाने तापली होती. सिलिकॉनची रिंग एका अंशाला सत्तर-ऐंशी पिकोमीटर सरकते, आणि तीही चिकटणाऱ्या प्रथिनाच्याच दिशेने. उकाडा आणि आजार, वक्रावर दोन्ही सारखेच दिसतात. तेव्हापासून शेजारी बिनअँटिबॉडीची एक रिंग ठेवतो आणि एकातून दुसरी वजा करतो. तापमानाचा प्रश्न त्याने बराचसा सुटतो.

चिकटेपणाचा सुटत नाही. रक्तात सगळ्यात जास्त असणाऱ्या अल्ब्युमिन या प्रथिनाला कोणाचं आमंत्रण लागत नाही, मिळेल त्या पृष्ठभागावर ते जाऊन बसतं, आणि दोन्ही रिंगांवर सारखंच बसेल याची हमी नाही. बफरमध्ये देखणे आलेले निकाल सीरम घातलं की मान टाकतात. लेखातला माझा आलेख बफरमधला होता. खाली तसं लिहिलं होतं, पण बारीक अक्षरात. ही तक्रार तुम्ही केली असतीत तर मला उत्तर नव्हतं.

खर्चाचं म्हणाल तर चिप स्वस्त होऊ शकते, ती मोबाइलच्या चिपसारखीच थाळीवर शेकड्यांनी छापली जाते. महाग पडतो तो लेसर आणि तिच्यात प्रकाश घालायची उस्तवार.

एक विचारतो, राग सोडून सांगा. जेवून आलेल्या माणसाचं दुधाळ सीरम तुम्ही चाचणीआधी सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवून वरची चरबी काढता, की नमुना सरळ परत मागवता? आमच्याकडे असल्या नमुन्यांवर दोन्ही रिंगा वेगवेगळ्या वागतात, आणि फिरवल्यावर हवं ते प्रथिनही चरबीबरोबर जातं का, हे आमच्यातल्या कुणालाच सांगता येत नाहीये.