‘एक अभियंता’ यांस उत्तर : हबमधला मायक्रोकंट्रोलर शोभेचा नाही

आदरणीय महोदय,

घरी बांधलेल्या चार पोर्टांच्या यूएसबी हबवरील माझ्या लेखाखाली आपण ‘एक अभियंता’ या सहीने प्रतिक्रिया लिहिली आहे. पॉलिफ्यूज (जास्त करंट वाहिला की तापून वाट अडवणारा आणि थंड झाल्यावर पूर्ववत होणारा फ्यूज) असताना प्रत्येक पोर्टाचा करंट मोजणारा मायक्रोकंट्रोलर (प्रोग्रामवर चालणारी छोटी चिप) ही ‘नुसती शोभा’ आहे, करंट मोजण्यासाठी त्याच्या वाटेत बसवलेला छोटा रोधक, म्हणजे शंट, व्होल्टेज खातो, नागपुरातल्या सीताबर्डी बाजारात याहून स्वस्तात तयार हब मिळतो, आकृतीत तारेची जाडी दिलेली नाही, आणि असले ‘शाळेच्या प्रदर्शनातले मॉडेल’ दाखवून मी मुलांची दिशाभूल करतो आहे, असे आपले म्हणणे आहे.

तारेची जाडी आकृतीत असायला हवी होती, हे मान्य आहे. मुख्य 5 व्होल्टच्या वाटेला 18 गेजची तार वापरली आहे आणि तसे आज आकृतीत लिहिले आहे. पण ‘दिशाभूल’ हा शब्द मला मान्य नाही. दिशाभूल करणारा माणूस आकडे लपवतो. मी भागांचे क्रमांक, मोजमापे आणि पूर्ण प्रोग्राम दिला आहे. आपल्या प्रतिक्रियेत मात्र एकही आकडा नाही. मतभेद असावेत, ते कठोर शब्दांतही मांडावेत, परंतु सहीत स्वतःची पदवी लिहायची आणि समोरच्याला शाळकरी ठरवायचे, ही पद्धत अभियंत्याला शोभत नाही.

आता त्या ‘शोभे’विषयी. पॉलिफ्यूजचा सांगितलेला होल्ड करंट, म्हणजे जेवढा करंट तो न अडवता सतत वाहू देतो तो, खोलीच्या सौम्य तापमानाचा, म्हणजे वीस-पंचवीस अंशांचा असतो. तापमान वाढले की तो उतरतो आणि 60 अंशांवर साधारण दोन तृतीयांशच उरतो. नागपुरात मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो; त्या दिवसांत एसएमपीएसशेजारी (हबला 5 व्होल्ट पुरवणाऱ्या पॉवर सप्लायशेजारी) बंद डब्यात बसलेल्या फ्यूजच्या वाट्याला कोणते तापमान येत असेल, याचा विचार आपण केलेला दिसत नाही. मला प्रत्येक पोर्टावर 2 अँपिअर हवे आहेत. ते मे महिन्यातही मिळावेत म्हणून 3 अँपिअर होल्डचा फ्यूज घ्यावा लागतो. आणि डिसेंबरात, जेव्हा येथे रात्रीचे तापमान 10 अंशांच्याही खाली उतरते, तेव्हा तोच फ्यूज 3 अँपिअरहून अधिक करंट निमूट वाहू देतो. ट्रिप करंट, म्हणजे ज्याला फ्यूज नक्की वाट अडवतो तो, बहुधा होल्डच्या दुप्पट असतो, म्हणजे मधली 3 ते 6 अँपिअरची पट्टी अशी की तिच्यात फ्यूज ट्रिप होईल की नाही, आणि झाला तर किती वेळाने, हे कोणीही खात्रीने सांगू शकत नाही. साध्या टाइप-ए सॉकेटच्या पिना एवढ्या करंटसाठी बनवलेल्या नसतात. एकच फ्यूज उन्हाळ्यात पुरेसा सैल आणि हिवाळ्यात पुरेसा घट्ट असू शकत नाही. प्रोग्राममध्ये लिहिलेली 2.2 अँपिअरची मर्यादा मात्र दोन्ही ऋतूंत 2.2 च राहते.

हे मी पुस्तक वाचून लिहीत नाही. माझ्या उमेदीची वर्षे हिंगणा एमआयडीसीतील एका कारखान्यात पॉवर सप्लाय तपासण्याच्या टेबलावर गेली. थंडगार तपासणी खोलीत उत्तीर्ण झालेले सप्लाय एप्रिल-मेमध्ये ‘आपोआप बंद पडतात’ अशा तक्रारीसह परत येत, आणि आमच्याकडे पुन्हा लावले की व्यवस्थित चालत. तेव्हा आमच्या वरिष्ठांनीही ‘फ्यूज आहे ना, मग झाले’ हेच उत्तर दिले होते. आपले वाक्य वाचून मला ते टेबल आठवले, म्हणून हे उत्तर लांबले आहे.

शिवाय फ्यूजला व्होल्टेज कळत नाही. सॉकेट झिजले, तार बारीक निघाली किंवा एसएमपीएस तापून दबला, तर पोर्टावरचे व्होल्टेज 4.75 च्या खाली जाते. फ्यूजला त्याचा पत्ता नसतो, आणि पलीकडे हार्ड डिस्क मध्येच सुटते. एकदा ट्रिप झालेल्या पॉलिफ्यूजचा रोधही पूर्वीपेक्षा वाढलेला राहतो, म्हणजे संरक्षण करणारा भागच पुढे व्होल्टेज पाडू लागतो. माझ्या हबमधली आयएनए 219 ही मोजणीची चिप करंटबरोबर व्होल्टेजही मोजते. चार पोर्टांची बेरीज मायक्रोकंट्रोलर करतो, डब्यातले तापमान 50 अंशांपुढे गेले की एकूण मर्यादा 8 अँपिअरवरून खाली आणतो आणि सर्वांत कमी महत्त्वाचा पोर्ट मॉस्फेटने (इलेक्ट्रॉनिक स्विचने) तोडतो. हार्ड डिस्क फिरू लागताना काही क्षण जास्त करंट घेते, ती मुभाही प्रोग्राममध्ये आहे. यातले कोणते काम आपला फ्यूज करतो?

आणि फ्यूज मी काढलेला नाही. प्रोग्राम अडकू शकतो, मॉस्फेट शॉर्ट होऊ शकतो. त्यासाठी वॉचडॉग (प्रोग्राम अडकला तर तो पुन्हा सुरू करणारी सोय) आहे आणि त्याही पलीकडे प्रत्येक पोर्टावर पॉलिफ्यूज आहे. लेखाच्या पहिल्याच आकृतीत तो दिसतो. तो आपण पाहिला असता तर ‘पॉलिफ्यूज असताना’ हे शब्द मला ऐकवण्याची वेळ आली नसती.

शंटचा मुद्दा लेख अर्धवट वाचल्यामुळे आला आहे. आयएनए 219 च्या तयार मॉड्यूलवरचा 0.1 ओहमचा रोधक काढून मी 0.02 ओहमचा बसवला आहे. 2 अँपिअरला तो 40 मिलिव्होल्ट घेतो, आणि मोजणी तरीही अर्ध्या मिलिअँपिअरच्या टप्प्याने होते. तयार हबच्या किमतीविषयी मला वाद घालायचा नाही. जे स्वस्त हब मी उघडले, त्यांत चारही पोर्ट थेट एकमेकांना जोडलेले होते आणि संगणकाकडून येणारे 5 व्होल्टही त्याच वाटेला मिळवलेले होते, म्हणजे बाहेरचा सप्लाय लावला की करंट उलटा संगणकात शिरणार. ज्याला ते चालते त्याने जरूर घ्यावे.

यापुढे लिहायचे असल्यास आपण सुचवत असलेल्या पॉलिफ्यूजचा क्रमांक द्यावा, आणि त्याच्या डेटाशीटमधील 0 व 60 अंशांचे होल्ड करंट शेजारी शेजारी लिहावेत. त्या आकड्यांवर मी आपल्याशी अवश्य बोलेन.