बुलपप रायफल ‘फसलेली’? एकेक मुद्दा घेऊ

‘बुलपप हा फसलेला प्रयोग आहे. आखूड असल्यामुळे नेम लागत नाही, ट्रिगर चिखलात रुतल्यासारखा चालतो, मॅगझिन (काडतुसांची पेटी) बदलता येत नाही, डावखुऱ्यांना ती निरुपयोगी, आणि म्हणूनच फ्रान्स-चीनने ती सोडली.’ हा मजकूर मला आतापर्यंत चौघांनी पाठवलाय. मी टेक्सासमध्ये राहतो. इथल्या रेंजवर टॅव्होर एक्स-९५ ही इस्रायली बुलपप भाड्याने घेऊन तीन शनिवार चालवली, त्यामुळे उत्तर देणं भाग आहे.

पहिला मुद्दा साफ चुकीचा आहे. बुलपपमध्ये चेंबर (जिथे काडतूस झाडलं जातं ती जागा) आणि मॅगझिन ट्रिगरच्या मागे, खांद्याला टेकणाऱ्या दस्त्यातच बसवतात. त्यामुळे आखूड होते ती रायफल, नळी नव्हे. ऑस्ट्रियाच्या स्टायर ऑगची नळी ५०८ मिलिमीटर आणि पूर्ण लांबी ७९० मिलिमीटर. तेवढ्याच नळीची अमेरिकन एम-१६ए२ मीटरभर लांब. गोळीचा वेग नळीच्या लांबीवर ठरतो, दस्ता कुठे संपतो यावर नाही.

ट्रिगरचं मात्र अर्धं खरं आहे. ट्रिगर पुढे, काडतूस उडवण्यासाठी आपटणारा घोडा (हॅमर) मागे. दोघांना जोडणारी लांब पट्टी मध्ये. एक्स-९५चा ट्रिगर आधी थोडा सैल येतो, मग बोटाला अडतो आणि जोर दिला की सुटतो. पहिल्या दिवशी मी हिसका देत होतो, गोळ्या खाली जात होत्या. तिसऱ्या शनिवारी साध्या काडतुसांनी १०० यार्डांवर पाच गोळ्या अडीच इंचांत बसल्या. स्पर्धेसाठी ही रायफल कुणी घेणार नाही, हे मान्य. पण ‘नेम लागत नाही’ म्हणणाऱ्याने टेकू लावून, सावकाश दहा गोळ्या तरी झाडून बघाव्यात.

मॅगझिन बदलणं खरोखर हळू होतं. एआर-१५सारख्या पारंपरिक रायफलमध्ये ते डोळ्यांसमोर असतं, इथे जवळजवळ काखेत, आणि कोपर दुमडावं लागतं. पण एक्स-९५मध्ये मॅगझिन सोडायचं बटण ट्रिगरच्या बोटालाच सापडतं. नवं मॅगझिन आत ढकललं की त्याच हाताच्या अंगठ्याने मागचा खटका दाबायचा, बोल्ट (काडतूस चेंबरमध्ये ढकलणारा भाग) पुढे जातो. ही हालचाल हाताला एकदा बसली की विचार करावा लागत नाही.

डावखुऱ्यांबद्दल थोडक्यात: एक्स-९५ला डावा बोल्ट बसवून रिकाम्या पुंगळ्या डावीकडे टाकता येतात, एफएन एफ-२००० त्या पुढच्या बाजूला टाकते, केलटेक आरडीबी खाली. ब्रिटिश एल-८५ मात्र डाव्या खांद्यावरून चालवता येत नाही, आणि तो दोष खरा आहे.

आता देशांचं. फ्रान्सने २०१६मध्ये आपल्या फमास या बुलपपच्या जागी पारंपरिक घडणीची जर्मन एचके-४१६ निवडली. पण फमास बनवणारा सेंट-एतिएनचा कारखाना त्याआधीच बंद झाला होता आणि जुन्या फमासचं नेटोच्या प्रमाणित काडतुसांशी नीट जमत नव्हतं. चीनची नवी रायफल क्यूबीझेड-१९१ पारंपरिक घडणीची आहे, हेही खरं. पण मजकुरात ऑस्ट्रेलिया का नाही? त्यांनी ऑग सुधारून घेतली, लिथगोच्या कारखान्यात बनवली आणि सैन्याला दिली. आपल्या नौदलाचे मार्कोस आणि हवाई दलाचे गरुड कमांडो टॅव्होर वापरतात, ते का नाही?

खरा दोष या मजकुरात आलाच नाही. सप्रेसर (आवाज कमी करणारं नळकांडं) लावून मी दोन मॅगझिन झाडली, तेव्हा मागे आलेला वायू थेट गालाशी बाहेर पडत होता. डोळे चुरचुरले, तोंडात धातूची चव आली. शिवाय नळीचं तोंड कानाच्या बरंच जवळ असतं. छप्पर असलेल्या रेंजवर जाणार असाल तर कानात बोळे घालून वर कान झाकणारे मफ चढवा आणि चष्मा बाजूनेही बंद असलेला घ्या.