हारातली शेवंती आणि चहातली शेवंती : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

शेवंतीच्या चिनी चहावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, की देवाच्या हारातली उरलेली फुलं वाळवून चहा केला, तो कडूजहर झाला आणि दोन घोटांतच घसा खवखवायला लागला. चहाची पत्तीच नाही तर चहा कसला, आणि ‘उष्णता कमी होते’ म्हणजे नेमकं काय होतं, असंही विचारलंत.

आधी घशाचं. शेवंती सूर्यफुलाच्या कुळातली. आपल्या रस्त्याकडेला माजलेलं गाजरगवतही त्याच कुळातलं. गाजरगवताने ज्यांना शिंका येतात, अंगाला खाज सुटते, त्यांना शेवंतीही बाधू शकते. तुम्हाला तसा त्रास असेल, तर फुलं कितीही चांगली आणलीत तरी हा चहा तुमच्यासाठी नाही. घसा अजून धरलेला असेल तर डॉक्टरांना दाखवा. दुसरी शक्यता फवारणीची. हारासाठीचं फूल दिसायला निर्दोष हवं, म्हणून मावा आणि फुलकिड्यांवर औषधं मारलेली असतात. ते फूल पोटात जायचं म्हणून कुणी पिकवत नाही. मी लेखात नुसतं ‘वाळवलेली शेवंती’ लिहून मोकळी झाले, ही माझी चूक. लेखाच्या सुरुवातीलाच आता ठळक दुरुस्ती टाकली आहे.

चहाची शेवंती हे वेगळंच पीक आहे. चीनच्या चच्यांग प्रांतातल्या थोंगश्यांग गावची पांढरी शेवंती ‘हांगचौची पांढरी’ या नावाने विकली जाते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये खुडायची, काही मिनिटं वाफ द्यायची आणि मग वाळवायची. वाफेमुळे फूल काळवंडत नाही. आन्ह्वै प्रांतातली ‘नजराण्याची शेवंती’ मात्र वाफ न देता उबेवर सुकवतात. चिनी औषधसंहितेत अशा पाच प्रकारांची नोंद आहे. कडू रानशेवंतीची नोंद निराळी. ती औषधाची, रोज प्यायची नव्हे. म्हणजे ‘शेवंती’ म्हणून हाताला लागेल ते फूल कपात टाकायचं नाही, हे त्यांनी शतकानुशतकं पाळलंय. मी तेवढंच सांगायला विसरले.

नावाचं म्हणाल तर ‘चहा’ हा शब्दच मुळात तिकडचा, आणि तिकडे फुलापाल्याच्या काढ्यालाही तो सर्रास लावतात. आपण गवती चहा म्हणतोच की.

आता उष्णता. नवऱ्याच्या नोकरीमुळे मी चार वर्षं क्वांगचौला, म्हणजे जुन्या कॅन्टनला होते. तिथे तळलेलं जास्त झालं, जागरण झालं, तोंड आलं, डोळे चुरचुरले, की शेजारीण म्हणायची, ‘आग वर चढलीय’. माझी आई अशाच वेळी ‘उष्णता झालीय’ म्हणून सब्जा भिजत घालायची. दोन्हीकडे हे शरीराकडे बघण्याच्या पारंपरिक रीतीतलं बोलणं आहे, थर्मामीटरवर दिसणारी गोष्ट नव्हे. हे लेखात स्पष्ट हवं होतं, तुमचा आक्षेप रास्त आहे. तिकडे हा चहा डोळ्यांसाठीही चांगला मानतात, पण त्याने चष्म्याचा नंबर उतरत नाही. मला झालेला फायदा साधा आहे. संध्याकाळचे दोन कप साखरेचा चहा सुटला, आणि यात कॅफीन नसल्याने रात्री झोप लागते. पोट पटकन बिघडणाऱ्यांना तिकडचे लोकही हा चहा जपूनच देतात, कारण त्यांच्या मते तो थंड.

एक गोष्ट तुम्हाला आवडेल. तिथल्या ‘पाच फुलांच्या चहा’त शेवंतीबरोबर आपली काटेसावर आणि पांढरा चाफाही असतो. काटेसावर हे क्वांगचौचं नगरपुष्प. वसंतात गळालेली लाल फुलं आजीबाई वेचून सुकवतात आणि सूपमध्येही घालतात. चाफ्याला ते ‘अंड्याचं फूल’ म्हणतात, आत पिवळं, कडेला पांढरं म्हणून! पण अंगणातला चाफा तोडून घालू नका. त्याचा चीक बाधतो.

पुन्हा करून बघायचा झाला तर पिण्यासाठी म्हणूनच विकलेली फुलं घ्या. फारच पांढरीशुभ्र आणि नाकाला झोंबणाऱ्या वासाची असतील तर ठेवून द्या, गंधकाची धुरी दिलेली असू शकते. पेलाभर पाण्याला पाच-सहा फुलं पुरतात. पहिलं गरम पाणी ओतून लगेच फेकायचं. मग उकळून मिनिटभर निवलेलं पाणी घालून चार-पाच मिनिटं झाकायचं. फुलं उमलून वर येतात, रंग फिकट पिवळा होतो. गॅसवर खळखळत ठेवलंत की कडवटपणा वाढतो, आणि तुम्ही वीस मिनिटं उकळलं होतंत. गोडीला खडीसाखरेचा छोटा खडा. त्याच फुलांवर आणखी दोनदा पाणी चालतं. लेखात गोजी या चिनी फळाचे सुकवलेले लाल दाणे घालायला सांगितले होते, पण घरात कुणी रक्त पातळ करणारी वॉरफरिनची गोळी घेत असेल तर त्यांच्या कपात ते नकोत.

गाजरगवताचा त्रास आहे का, ते मात्र आधी कळवा. फुलं त्यानंतरच आणा.